कार्डबाईंचे अठ्ठ्याण्णव टक्के

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये शिरताना उजव्या हाताला एक खिडकी आहे. दुरुस्तीला आलेली कोणतीही गाडी या खिडकीपाशी थांबल्याशिवाय आत जात नाही. ड्रायव्हर खाली उतरतो, खिडकीत डोके घालून तक्रार सांगतो आणि आत बसलेल्या बाई ती पिवळ्या कार्डावर लिहून घेतात. गाडीचा नंबर, तक्रार, आल्याची वेळ, काम कोणाकडे दिले, सुटल्याची वेळ. चौदा वर्षे त्या हेच करत होत्या. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते. एरवी सगळ्या वर्कशॉपला त्या कार्डबाई.

कार्डबाई तरुणपणी संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या होत्या, त्याही चांगल्या गुणांनी. एम.एस्सी. करायची हे तेव्हाच ठरले होते. पण आधी लग्न झाले, मग मुलगी, मग नोकरी, आणि ते ठरलेले तसेच बासनात राहिले. मुलगी बारावी होऊन परगावी शिकायला निघाली. तिचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरताना त्यांच्याच शहरातल्या विद्यापीठाची एक जाहिरात समोर आली : मशीन लर्निंग आणि संख्याशास्त्र, पदव्युत्तर अभ्यासक्रम, दोन वर्षे, वर्ग संध्याकाळी. बाईंनी मुलीचा फॉर्म पाठवला आणि पुढच्या अर्ध्या तासात स्वतःचाही पाठवला. त्या वेळी त्यांना बेचाळिसावे चालू होते.

घरी सांगितले ते नाव यादीत आल्यावर. नवरा औषधांच्या कारखान्यात पाळीवर कामाला, तो म्हणाला, "झेपत असेल तर कर." सासूबाई मात्र अशा सहज सोडणाऱ्या नव्हत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे ऑपरेटर होत्या आणि बोलण्यात कोणाला हार जात नसत.

"म्हणजे मशीनला तू शिकवणार?"

"हो आई. उदाहरणं दाखवायची, त्यावरून ते शिकतं."

"चुकलं तर?"

"परत शिकवायचं."

"बरं आहे. तुझ्या नवऱ्यावर आधी हात बसवला असतास तर सोपं गेलं असतं." एवढे बोलून त्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला आणि दोन वर्षे त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढले नाही.

वर्कशॉपच्या मॅनेजरसाहेबांनी रोज पाचला सुटण्याची परवानगी दिली, पण दोन वर्षांपुरतीच, तशी लेखी अट घालून. पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर सगळी मुले उठून उभी राहिली. "बसा, बसा," बाई म्हणाल्या, "मीही तुमच्यातच बसणार आहे." त्या दिवसापासून वर्गात त्या मावशी झाल्या.

पहिले सहा महिने बाईंच्या नाकी नऊ आले. वीस वर्षांपूर्वीच्या गणितावर गंज चढला होता. मुले बोटे चालवून जे दहा मिनिटांत करायची त्याला बाईंना सगळा तास लागायचा. एका पेपरात चाळीसला पास होते, बाईंना एक्केचाळीस मिळाले. सासूबाईंनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचली. "एक जास्तीचा कशाला आणलास?" एवढेच विचारले.

पण एका बाबतीत बाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. खऱ्या जगातली माहिती, म्हणजे अर्धवट भरलेली, दोनदा लिहिलेली, तारखा उलटसुलट झालेली, वर्गात आली की मुलांचे चेहरे उतरत. बाईंना ती घरची वाटे. ड्रायव्हर घाईत काय बोलतात आणि त्यातले खरे काय असते हे उलगडण्यातच त्यांची चौदा वर्षे गेली होती. त्यांच्या मार्गदर्शक मॅडम वयाने त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, "ताई, प्रोजेक्टसाठी बाहेर कुठे शोधू नका. तुमच्या खिडकीतच काहीतरी असेल."

आणि खिडकीत होतेच. जुनी कार्डे चाळताना बाईंच्या लक्षात आले की दर पाच-सहा कार्डांमागे एकावर दोनच शब्द आहेत : "आवाज येतो." हा आवाज कसला, हे वर्कशॉपमध्ये एकच माणूस ठरवू शकत असे. तो म्हणजे डॉक्टर. डॉक्टर हे वर्कशॉपमधले सर्वांत जुने फिटर. इंजिन चालू ठेवून ते लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर गिअरबॉक्सला टेकवत, दुसरे टोक कानाला लावत, डोळे मिटत आणि सांगत, "बेअरिंग चाललंय. उघडा." किंवा, "काही नाही, जाऊ दे." शंभरात नव्वद वेळा त्यांचे खरे ठरे. आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्यानंतर हे काम कोण करणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

बाईंनी तोच विषय घेतला. चालू गाडीचा आवाज दहा सेकंद फोनवर घ्यायचा. गिअरबॉक्स चांगला की खराब हे डॉक्टरांनी सांगायचे, आणि गाडी उघडल्यावर काय निघाले ते कार्डावरून ताडून पाहायचे. असे शेकडो आवाज कॉम्प्युटरला दिले म्हणजे तो फरक शिकेल, आणि मग न ऐकलेल्या गाडीचा आवाज देऊन त्याची परीक्षा घ्यायची. डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझे कान पेटीत भरणार. भरा. घरी तसे कोणी ऐकून घेत नाही त्यांचं."

पाच महिन्यांत बाईंनी सहाशे चाळीस आवाज जमवले. दोनशे साठ खराब गाड्यांचे, तीनशे ऐंशी चांगल्या गाड्यांचे. प्रत्येकाची नोंद गाडीच्या नंबरासह, तारखेसह. त्यांपैकी एकशे अठ्ठावीस आवाज परीक्षेसाठी बाजूला काढून ठेवले आणि उरलेल्यांवर कॉम्प्युटरला शिकवले. परीक्षा झाली. एकशे अठ्ठावीसपैकी एकशे पंचवीस बरोबर. जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के.

मॅडमनी आकडा दोनदा तपासला आणि खुर्चीतून उठून बाईंचा हात हातात घेतला. वर्गातल्या मुलांनी तोंडात बोटे घातली. मॅनेजरसाहेबांना तर किती कौतुक वाटले ते सांगता सोय नाही. त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्रच लिहिले : डॉक्टर निवृत्त झाल्यावर गाड्यांची तपासणी या पद्धतीने होईल, कॉम्प्युटर चांगली म्हणेल ती गाडी न उघडता रस्त्यावर जाईल. प्रबंध देण्याला पंचवीस दिवस उरले होते. बाई आता फक्त तोंडी परीक्षेची तयारी करत होत्या.

तशाच एका रविवारी दुपारी त्या जेवणघरात टेबलाशी लॅपटॉप उघडून बसल्या. समोर सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

"आई, मी परीक्षकांपुढे बोलणार ते ऐकता का? कुठे अडखळले तर सांगा."

"बोल. वाटाण्यांनाही ऐकू दे."

बाईंनी नमुन्यादाखल दोन आवाज लावले. "हा चांगल्या गाडीचा. आणि हा खराब गाडीचा. नुसत्या कानाला फरक कळत नाही, पण मशीनला…"

"कळत नाही कसा?" सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा लाव."

बाईंनी पुन्हा लावले.

"आणखी लाव. कोणता ते मला सांगू नकोस."

बाईंनी एकामागून एक आवाज लावले. सासूबाई वाटाणे सोलता सोलता सांगत गेल्या : चांगली, चांगली, खराब, चांगली, खराब, खराब. वीस आवाज झाले आणि वीसच्या वीस बरोबर. बाई थक्क झाल्या.

"आई, तुम्हाला गिअरबॉक्समधलं कळतं?"

"गिअरबॉक्स कशाशी खातात तेही माहीत नाही मला. अगं, ही गाडी उघड्यावर उभी आहे आणि ती पत्र्याखाली. आवाज वर जाऊन परत येतोय, ऐक ना. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? माणूस हॅलो म्हणाला की कळायचं, दुकानातून बोलतोय की जिन्याखालून."

बाईंनी लॅपटॉपवरचा आवाज थांबवला. त्यांना ऐकण्याचीही गरज नव्हती. वर्कशॉप त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. खराब गाडी खड्ड्यावर घेतात, कारण फिटरला तिच्याखाली उतरायचे असते. आणि खड्डे सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. चांगली गाडी खड्ड्यावर घ्यायचीच नाही, हा तर वर्कशॉपचा नियम. चांगल्या गाड्यांचे आवाज बाईंनी सकाळी सुटायच्या आधी बाहेरच्या अंगणात घेतले होते. कोणाचा खोळंबा होऊ नये म्हणून त्यांनी हे सारे फार शिस्तीने केले होते, आणि त्या शिस्तीनेच घात केला होता. कॉम्प्युटर गिअरबॉक्स शिकलाच नव्हता. तो पत्रा शिकला होता.

परीक्षेत चुकलेल्या तीन गाड्यांच्या नोंदी त्यांनी काढून पाहिल्या. तिन्ही गाड्या खराब होत्या आणि कॉम्प्युटरने त्यांना चांगले म्हटले होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : खड्डा रिकामा नाही, आवाज अंगणात घेतला.

सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले. "मी काही वावगं बोलले का गं?"

"नाही आई. परीक्षकांनी बोलायला हवं ते तुम्ही बोललात."

सोमवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा तासभर लवकर गेल्या. शेडमध्ये एकही इंजिन चालू नव्हते. खड्डा क्रमांक दोनवर एक गाडी बंद उभी होती आणि लांब कोणीतरी हातोड्याने काहीतरी ठोकत होते. बाईंनी त्या शांततेचे दहा सेकंद फोनवर घेतले आणि कॉम्प्युटरला दिले. उत्तर आले : गिअरबॉक्स खराब, खात्री नव्याण्णव टक्के.

डॉक्टर पाठीमागे येऊन उभे होते. त्यांनी पडद्यावरचे वाचले. "बंद गाडीचा गिअरबॉक्स गेला?"

"गेला म्हणतोय."

"मग मी आजच घरी जातो. माझ्या बापजन्मी मला हे जमलं नसतं." बाईंना हसू आले आणि हसता हसता डोळे भरून आले. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढे काय करणार ते विचारले नाही.

पुढे काय करायचे हाच तर प्रश्न होता. या सत्रात प्रबंध दिला नाही तर पदवी वर्षभर लांबणार, आणि पाचला सुटण्याची परवानगी तर याच सत्राअखेर संपणार. म्हणजे वर्षभर लांबली याचा अर्थ कायमची गेली. दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

संध्याकाळी मॅडमनी सगळे ऐकून घेतले. त्या पेनाचे टोपण उघडझाप करत होत्या. "चूक माझ्याही लक्षात यायला हवी होती," त्या म्हणाल्या. "ताई, एक मार्ग आहे. 'अभ्यासाच्या मर्यादा' असं प्रकरण असतंच शेवटी. त्यात हे प्रामाणिकपणे लिहा. परीक्षक वाचतील, दोन प्रश्न विचारतील, पास करतील. यात लबाडी काही नाही."

"परीक्षक वाचतील, मॅडम. आमचे साहेब शेवटचं प्रकरण वाचणार नाहीत. ते पहिल्या पानावरचा आकडा वाचतील. आणि मग डॉक्टर गेल्यावर एखादी खराब गाडी अंगणात उभी असेल, म्हणून कॉम्प्युटर तिला चांगली म्हणेल. तिच्यात पन्नास माणसं बसतील."

मॅडमनी टोपण लावले. "तुम्हाला काय हवंय?"

"सतरा दिवस. प्रत्येक गाडीचा आवाज दोन्हीकडे घ्यायचा, अंगणात आणि शेडमध्ये. चांगली असो, खराब असो. मग पत्र्यावरून काही ओळखताच येणार नाही त्याला."

"आकडा पडेल."

"पडू दे."

दोन्हीकडे आवाज घ्यायचे तर चांगल्या गाड्या खड्ड्यावर घ्याव्या लागणार, आणि त्याला मॅनेजरसाहेबांची परवानगी लागणार. म्हणजे त्यांना सगळे सांगणे आले. मंगळवारी सकाळी बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी अर्ध्यातच हात वर केला.

"बाई, मी वर लेखी कळवलंय. आता काय सांगू, आमचा कॉम्प्युटर छप्पर ओळखतो म्हणून?"

"साहेब, हे ऐका." बाईंनी फोन टेबलावर ठेवला. दहा सेकंद शांतता आणि लांबचा हातोडा. मग त्यांनी लॅपटॉप वळवून उत्तर दाखवले.

साहेबांनी ते वाचले. "गाडी बंद होती?"

"पूर्ण बंद. किल्लीही नव्हती."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. खाली शेडमध्ये गाड्या खड्ड्यांवर चढत होत्या. पाठमोरेच ते म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"कळलं असतं. पण रस्त्यावर."

साहेब वळले. "रोज सहा गाड्या देतो. त्यापुढे एक मागू नका. ड्रायव्हर लोकांनी ओरड केली तर मी बाहेर गेलोय."

ड्रायव्हर लोकांनी ओरड केलीच. धडधाकट गाडी खड्ड्यावर घ्यायची आणि परत काढायची, यात सुटायची वेळ पाच-सात मिनिटांनी हुकत असे. "कार्डबाई, माझ्या गाडीला काय झालंय?" "काही नाही." "मग दवाखान्यात कशाला नेताय?" या वादात डॉक्टर पडत. ते ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून गंभीर चेहऱ्याने सांगत, "तुझीच गाडी निवडली, कारण अख्ख्या डेपोत तिच्याइतकी निरोगी दुसरी नाही." हे वाक्य त्यांनी सतरा दिवसांत किमान चाळीस ड्रायव्हरांना सांगितले आणि प्रत्येकाला ते खरे वाटले.

सतरा दिवस, एकशे दोन गाड्या, दोनशे चार आवाज. खराब एकोणतीस, चांगल्या त्र्याहत्तर. आवाज थोडे होते, म्हणून बाईंनी पद्धत बदलली. गाड्यांचे गट पाडून आळीपाळीने एकेका गटाची परीक्षा घ्यायची आणि ज्या गाडीची परीक्षा, तिचा एकही आवाज शिकवताना वापरायचा नाही. तिच्या दोन्ही आवाजांवरून मिळून एकच उत्तर घ्यायचे. एकोणतीस खराब गाड्यांपैकी एकवीस कॉम्प्युटरने पकडल्या, आठ सुटल्या. त्र्याहत्तर चांगल्या गाड्यांपैकी पंधरांवर उगाच संशय घेतला. एकूण बरोबर एकोणऐंशी. टक्क्यांत सत्त्याहत्तर.

सासूबाईंनी नवे आवाज मागून घेऊन ऐकले. चार-पाच झाल्यावर त्यांनी हात झटकले. "आता नाही बाई मला कळत. म्हणजे तुझं बरोबर झालं असणार."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक उतारवयाचे होते आणि कडक म्हणून प्रसिद्ध होते. बाईंनी सुरुवात आपल्या चुकीपासून केली. रिकाम्या शेडचे दहा सेकंद लावले आणि कॉम्प्युटरचे उत्तर दाखवले. मागे बसलेली मुले हसली. परीक्षक हसले नाहीत. बाई दोन्ही आकडे सांगून थांबल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुमच्याकडे एकशे दोनपैकी त्र्याहत्तर गाड्या चांगल्या आहेत. मी काहीही न ऐकता सगळ्या चांगल्या म्हटलं, तरी माझं बहात्तर टक्के बरोबर येईल. तुम्ही एवढा खटाटोप करून सत्त्याहत्तर. पाच टक्क्यांसाठी?"

मॅडमनी खाली पाहिले.

"सर, तुमचं बहात्तर टक्के बरोबर येईल," बाई म्हणाल्या, "पण खराब गाडी एकही पकडली जाणार नाही. एकोणतीसच्या एकोणतीस रस्त्यावर जातील. माझ्या आठ जातात. आठही जास्तच आहेत, म्हणून गाडी सोडायचा निर्णय याच्यावर ठेवू नये असं मी पहिल्याच पानावर लिहिलंय. कोणती गाडी आधी उघडून बघावी एवढंच याला विचारावं."

"आणि ते आठ कमी कसे होणार?"

"डॉक्टर, म्हणजे आमचे फिटर, त्यांनाही मी हेच आवाज फोनवर ऐकवले. त्यांना एकोणतीसपैकी बावीस ओळखता आल्या. प्रत्यक्ष गाडीला कान लावतात तेव्हा दोन-तीनच्या वर चुकत नाहीत. म्हणजे फोन हवेतलं ऐकतो आणि उरलेलं धातूत राहतं. माइक गिअरबॉक्सलाच चिकटवायला हवा. त्याचे पहिले बारा आवाज घेतलेत, पण बारांवरून काही म्हणणार नाही मी."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला, प्रबंधाचे पहिले पान उघडले आणि त्यावर काहीतरी लिहिले. "बारांवरून काही म्हणू नका," ते म्हणाले. "एकशेवीस झाले की मला कळवा."

श्रेणी मिळाली 'ब'. वर्गातल्या सहा जणांना 'अ' मिळाली आणि त्यांतल्या दोघांनी त्याच संध्याकाळी मॅडमना गाठून विचारले की आमचे आवाज, आमचे फोटो कुठे घेतलेत ते एकदा तपासून पाहायला हवे का. मॅडम म्हणाल्या, "हे मावशींना विचारा. आता त्याच शिकवतील."

परीक्षा दुपारी एकला संपली होती. बाईंनी रजा अर्ध्या दिवसाचीच घेतली होती, म्हणून त्या तशाच वर्कशॉपवर आल्या. सूचनाफलकावर साहेबांच्या सहीचा नवा कागद होता : केवळ कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून कोणतीही गाडी सोडू नये, त्याने संशय घेतलेली गाडी प्रथम उघडावी, आवाज नोंदवण्याचे काम पुढील आदेशापर्यंत चालू राहील, व त्यासाठी नवीन फिटर दोघे डॉक्टरांच्या हाताखाली द्यावेत. डॉक्टर त्या दोघांना घेऊन खड्डा क्रमांक दोनमध्ये उतरलेच होते. एकाला डोळे मिटायला लावून ते त्याच्यावर खेकसत होते, "अरे, झोपायला नाही सांगितलं, ऐकायला सांगितलंय."

बाई खड्ड्याच्या कडेला उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी वर पाहिले.

"किती?"

"सत्त्याहत्तरच."

"ते झालं. पास की नाही?"

"पास."

डॉक्टरांनी हात पुसले, वर येऊन बाईंपुढे तो हात केला, आणि बाईंनी तो हातात घेतला. ग्रीसचा काळा डाग तळहातावर उमटला. "मग आता खिडकीवर जा, एम.एस्सी. बाई," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून चार गाड्या आल्यात, चारही आवाज येतो म्हणून. कार्डं कोणीच लिहिलेली नाहीत."